दाढीला वैद्यकीय रजा

माझ्या गळ्याला गाठ आली, ती पहिले सहा महिने मी दाढीखाली लपवली. दाढी दोन वर्षांची होती, छातीवर रुळणारी. तिच्याखाली सुपारीएवढी गाठ काय, अख्खा नारळ दडवला असता तरी लालबागात कुणाला पत्ता लागला नसता. पुढे सुपारीचं लिंबू झालं, घास गिळताना ठसका लागायला लागला. तेव्हा माझ्या बायकोने, रखमाने, माझी मान धरून खिडकीकडे वळवली, दाढी बाजूला सारली आणि माझी दोन स्वच्छ धोतरं पिशवीत भरली. दुसऱ्या दिवशी मी परळच्या एका इस्पितळात दाखल झालो. साल एकोणसाठ, महिना जानेवारी.

डॉक्टर म्हणाले, "गाठ काढून तपासायला पाठवू. बहुधा साधी असेल, पण बहुधाच्या भरवशावर बसू नका. आणखी सहा महिन्यांनी आलात तर कदाचित माझ्या हातात काही राहणार नाही." मग जाता जाता म्हणाले, "आणि ही दाढी उतरवा. गाठ तिच्याखालीच आहे."

हे ऐकून मला आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. कारण ती दाढी उतरवता येण्यासारखी नव्हती.

त्याची हकिगत अशी. छप्पन सालच्या जानेवारीत गिरगावात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्या दिवशी माझं कपाळ फुटलं. रक्ताने सदरा भिजला, चार जणांनी मला उचलून नेलं, सात टाके पडले. लोकांना एवढं ठाऊक आहे आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त मधला भाग गाळलेला आहे. मी मोर्चात नव्हतोच. मी एका शिंप्याकडे जुन्या कोटाला अस्तर लावून घ्यायला गेलो होतो. बाहेर पहिला बार झाला तसा मी शिंप्याच्या टेबलाखाली शिरलो. शिंपी आधीच तिथे होता. दुसरा बार झाला तेव्हा मी दचकून उठायला गेलो आणि टेबलाच्या लोखंडी कडेवर कपाळ आपटून घेतलं. बाहेर रस्त्यावर माणसं खरोखर मरत होती आणि मी शिंप्याला म्हणत होतो, "जरा सरका."

नंतर शिंप्याने मला दारात आणून बसवलं, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "ह्यांनाही लागलं!" मी 'हो' म्हणालो नाही. 'नाही'ही म्हणालो नाही. शुद्ध हरपल्यासारखे डोळे तेवढे मिटून घेतले.

त्याच साली नोव्हेंबरात मराठी-गुजराती असं द्विभाषिक राज्य आलं. आमच्या चाळीच्या पटांगणात निषेधाची सभा भरली आणि जखमी वीर म्हणून मला बोलायला उभं केलं. मी गिरणीच्या टाइम ऑफिसातला कारकून. कोण कामावर आला आणि कोण नाही, एवढंच जन्मभर लिहिलेलं. समोर हजारभर डोकी. काहीतरी एक वाक्य बोलून खाली बसावं म्हणून मी म्हणालो, "संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत मी दाढी करणार नाही." टाळ्या अशा पडल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी मला वस्तरा लपवावा लागला. तेव्हापासून प्रत्येक सभेत दाढीला पहिल्या रांगेत जागा असे. मी आपला तिच्या मागे बसत असे.

तर इस्पितळात वॉर्डच्या मुख्य सिस्टर होत्या व्हायोलाबाई. गिरगावात खोताच्या वाडीत राहणाऱ्या, पन्नाशीच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. माझ्या खाटेशी येऊन त्या म्हणाल्या, "परवा सकाळी नऊला ऑपरेशन. उद्या दाढी."

"सिस्टर," मी सभेतला आवाज काढला, "संयुक्त महाराष्ट्र झाल्याशिवाय ह्या दाढीला वस्तरा लागणार नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "मग गाठीला पन सांगा तोपर्यंत थांबायला."

खरी भीती दाढीची नव्हतीच. मरणाचीही होती, पण ती दुसऱ्या नंबरची. मेल्यावर निदान लोक बरं बोलतात. मला भीती होती ती क्लोरोफॉर्मची. आमच्या गिरणीतला एक फिटर मूळव्याधीच्या ऑपरेशनला गेला आणि टेबलावर बायकोच्या ऐवजी मेहुणीला हाका मारून आला. औषध नाकात गेलं की माणूस पोटातलं सगळं ओकतो, असं गिरणीत सगळ्यांचं मत होतं. आणि माझ्या पोटात शिंप्याचं टेबल होतं.

त्यात ऑपरेशनच्या खोलीत ट्रॉली ढकलणारा होता दौलत. इस्पितळात त्याला वॉर्डबॉय म्हणत, वय असेल अठ्ठेचाळीस. शेजारच्या चाळीतला, संयुक्त महाराष्ट्र समितीचा खंदा कार्यकर्ता, बोलण्यात फर्डा. माझ्या कपाळाच्या जखमेवर त्याने इतक्या सभांतून भाषणं केली होती की जखम माझी कमी आणि त्याची जास्त झाली होती. माझ्यावर त्याचा जीव होता. शुद्ध हरपून मी तोंड उघडलं तर ऐकायला नेमका तोच असणार.

मी दाढीला नकार दिल्याचं दौलतला कळलं आणि त्याचे डोळे भरून आले. "शामराव," तो म्हणाला, "जीव गेला तरी बेहत्तर, पण शब्द नाही, काय? तुम्ही बघाच आता." मला वाटलं, तो माझ्यासाठी प्रार्थना वगैरे करील. तो मोर्चा घेऊन आला. भेटीच्या वेळेला चार वाजता अकरा माणसं वॉर्डात शिरली आणि घोषणा सुरू झाल्या: "दाढीसह ऑपरेशन झालंच पाहिजे! शामरावांची दाढी वाचलीच पाहिजे!"

मी उशीला टेकून हात जोडले. दुसरं काय करणार? माझ्यासाठी निघालेला हा पहिलाच मोर्चा होता आणि त्यातही मी खाटेवर आडवा होतो.

व्हायोलाबाई आल्या. "आवाज बाहेर," त्या म्हणाल्या. "हितं माणसं आजारी हायेत." एवढं बोलून त्यांनी माझं मनगट धरलं, छातीवर लावलेलं घड्याळ उचललं आणि नाडी मोजत उभ्या राहिल्या. अकरा माणसं आपोआप गप्प झाली. मोजून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं आणि मंडळींना दाराबाहेर काढलं. मग खाटेभोवती कापडी पडदा ओढला आणि स्टूल घेऊन बसल्या. वॉर्डात सिस्टरला बसलेलं मी तेव्हा प्रथम बघितलं.

"एकशे चौतीस," त्या म्हणाल्या. "दाढीसाठी नाडी एवढी पळत नाय, शामराव. कसली भीती हाय?"

"मी भ्यालेलो नाही."

"बरं." त्या उठल्या नाहीत. हातातलं कामही नव्हतं. नुसत्या बसून राहिल्या. मी छताकडे बघितलं, पाण्याच्या तांब्याकडे बघितलं, पडद्यावरच्या डागाकडे बघितलं. त्या अजून बसलेल्याच. तीन वर्षं हजार माणसांपुढे जे सांभाळलं ते मी त्या बाईपुढे पाच मिनिटंसुद्धा सांभाळू शकलो नाही. सगळं सांगून टाकलं: कोट, अस्तर, टेबल, शिंपी, फिटर, मेहुणी आणि दौलत.

त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "खोटं सांगून तुम्हाला फसवनार नाय. काही लोक बोलतात. बरेच जन नुसते कण्हतात. एकाने अख्खी आरती म्हटली. एक कंडक्टर होता, तो तिकिटं फाडत होता. बावीस वर्षं मी ऐकते. त्यातला एक शब्द त्या दाराबाहेर गेला नाय."

"आणि दौलत?"

"दौलत ट्रॉली दारापर्यंत आननार. आत मी येते. डॉक्टरांना सांगते, पेशंटला माझी सवय हाय."

मग त्यांनी परवा सकाळी काय काय होणार ते एकेक करून सांगितलं. सहाला उठवणार, एनिमा देणार. ("तो वाईट असतो," त्या म्हणाल्या, "ऑपरेशनपेक्षा वाईट.") पाणी नाही, चहा नाही. दंडात एक सुई, तिने तोंड कोरडं पडेल, ते पडायलाच हवं, घाबरायचं नाही. खोली थंड असेल. वर मोठा दिवा असेल. जाऊन त्या खरोखरचा मास्क घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिला. तारेची जाळी आणि वर गॉजच्या पातळ कापडाची घडी. वासाने डोकं भणभणलं, पण हातात घेतल्यावर ती वस्तू चहाच्या गाळण्याहून फार भयंकर दिसेना. मी तो नाकाला लावला, काढला, पुन्हा लावला. "आता वळख झाली," त्या म्हणाल्या.

"पण दाढीचं काय, सिस्टर? ती तर आता मोर्च्याची झाली."

"नवस बोलला तो कुनाला? देवाला की सभेला?"

"सभेला."

"मग सभेकडे जा. माझ्या आईने मोतमावलीच्या जत्रेला पायी जायचा नवस बोलला, आनि तिचा पाय मोडला. फादर म्हनाले, बसने जा, मोतमावलीला चालतंय."

मी दौलतला बोलावून घेतलं आणि सांगितलं की गाठ वाढली तर मी मरेन, आणि मेलेल्या माणसाची दाढी सभेत पहिल्या रांगेत बसवता येत नाही. हे त्याला पटलं. त्याच संध्याकाळी चाळीच्या कमिटीची तातडीची बैठक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतने ठराव आणून वाचून दाखवला. माणसं सगळी गिरणीची, त्यामुळे भाषाही गिरणीची: "श्री. शामराव ह्यांच्या दाढीस प्रकृतीच्या कारणास्तव वैद्यकीय रजा मंजूर करण्यात येत आहे. प्रकृती सुधारताच दाढीने पुन्हा कामावर रुजू व्हावे." खाली नऊ सह्या आणि दोन अंगठे. मी जन्मभर दुसऱ्यांच्या रजा नोंदवल्या. माझ्या वाट्याला आलेली पहिली रजा दाढीने घेतली.

न्हावी आला, दाढी गेली. आरशात बघितलं तर आत एक घाबरट, बारीक हनुवटीचा कारकून बसलेला होता. दोन वर्षं तो कुठे गेला नव्हता.

ऑपरेशनच्या दिवशी व्हायोलाबाई सांगितल्याप्रमाणे आल्या. एनिमा त्यांनी म्हटल्याइतकाच वाईट होता, आणि गंमत अशी की त्यामुळेच मला धीर आला. बाई खरं बोलते म्हणजे पुढचंही तसंच होणार. ट्रॉली दारापर्यंत आली, दौलतने मूठ वळून "शामराव, हिंमत!" म्हटलं आणि दार लागलं. आत त्यांनी माझा हात हातात घेतला. "मोजा," त्या म्हणाल्या. मी सातापर्यंत गेलो.

जाग आली तेव्हा गळ्याला ही जाड पट्टी होती आणि तोंडात कापूस भरल्यासारखं वाटत होतं. व्हायोलाबाई बाजूला उभ्या होत्या. "मी काय बोललो?" हे माझे पहिले शब्द.

"बोललात थोडं."

"काय?"

"सांगितलं ना, दाराबाहेर काही नेत नाय."

"अहो, पण मला तर सांगा!"

"तुमी पन दाराबाहेरच हायेत," त्या म्हणाल्या आणि पांघरूण नीट करून गेल्या.

चौथ्या दिवशी तपासणीचा निकाल आला. गाठ साधी निघाली. रखमाने डोळ्याला पदर लावला, मीही भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं. दौलतने जाहीर केलं की उद्या चार वाजता कमिटी हार घेऊन वॉर्डात येणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला माझ्या शेजारच्या खाटेवरच्या रामजीचं ऑपरेशन होतं. रामजी वरळी कोळीवाड्याचा, साठीचा, जाळी ओढून ओढून हर्निया झालेला. हर्निया आता अडकायला लागला होता आणि डॉक्टरांनी त्याला साफ सांगितलं होतं की पुन्हा अडकला तर इस्पितळात पोचायलाही वेळ मिळणार नाही. पण अकराच्या सुमाराला रामजी उठून बसला, मुंडासं बांधायला लागला आणि म्हणाला, "मना घरा जावं दे."

दौलत ट्रॉली घेऊन आला होता. त्याला स्फुरण चढलं. "रामजीबाबा, अरे ह्यांच्याकडे बघ! शामराव! गिरगावात लाठ्या-गोळ्यांपुढे छाती काढून उभा राहिलेला माणूस. ऑपरेशनला हसत हसत गेला. आणि तू दर्यावर जाणारा गडी असून भितोस?"

रामजीने माझ्याकडे नीट बघितलं. माझ्या कपाळावरची खूण बघितली. मग मान हलवली. "तो वाघ हाय, बाबा. तो उठला, त्यान काय नवाल? मी तसा नाय. मी नाय उठनार." आणि तो खाटेखाली चपला शोधायला लागला.

मला खोटेपणाची लाज यापूर्वीही वाटली होती, पण ती रात्री अंथरुणावर वाटणारी, सकाळी उतरणारी लाज. आता माझ्या शौर्याला बिचकून एक माणूस मरायला घरी निघाला होता. व्हायोलाबाईंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "दौलत, ट्रॉलीचं चाक वाजतंय. तेल घालून आन." त्यांनी माझ्या आणि रामजीच्या खाटेभोवती मिळून एकच पडदा ओढला आणि स्वतः बाहेर थांबल्या.

मी रामजीच्या कानाशी लागलो. गळ्याच्या पट्टीमुळे मोठ्याने बोलताही येत नव्हतं. सगळं सांगितलं. रामजी तोंड उघडं ठेवून ऐकत होता.

"टेबलाखाली?"

"टेबलाखाली. शिंप्याला सरकवून."

"आनि हितं? आपरेशनला?"

"सिस्टरचा हात इतका दाबला की वळ उठले. अजून आहेत, विचार त्यांना."

रामजी हसायला लागला. हर्निया हाताने दाबून धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग त्याने मुंडासं सोडलं. "तुझ्यासारका भित्रा उठला," तो म्हणाला, "तं मी पन उठन." आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कोनाला सांगनार नाय. कोल्याची जबान हाय."

त्याने शब्द दिला तो शुद्धीत. तीन वाजता त्याला परत आणलं तेव्हा तो गुंगीत होता, ऑपरेशन नीट झालेलं होतं. चार वाजता कमिटी आली, दौलतच्या हातात झेंडूचा हार. पाठोपाठ रखमा पेजेचा डबा घेऊन आली. दौलतने घसा खाकरला, हार उचलला, माझ्या डोक्यावर धरला, आणि शेजारच्या खाटेवरून रामजी ओरडला: "शामराव! टेबलाखाली शिर! गोली आली! आरं शिंप्या, सरक, शामरावला जागा दे!"

एका होडीवरून दुसऱ्या होडीला हाक मारायला कमावलेला आवाज तो. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाची माणसं उठून बसली. "कोट टाक! टेबलाखाली शिर, शामराव!" तो पुन्हा ओरडला. व्हायोलाबाई धावत येऊन त्याच्या कपाळावर हात ठेवून उभ्या राहिल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. दौलत मात्र हसला. "गुंगीत आहे," तो म्हणाला. "औषधाची बडबड. मी रोज ऐकतो, त्याला काही अर्थ नसतो." आणि त्याने हार पुन्हा उचलला.

मला बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं डोळे मिटून घेतले असते तरी भागलं असतं, आणि त्या कामात माझा हात धरणारा कुणी नव्हता. मी दौलतच्या तोंडाकडे बघितलं. इतका विश्वास होता त्या तोंडावर की मला ते सहन होईना.

"अर्थ आहे, दौलत," मी म्हणालो. "तो खरं बोलतोय. मी मोर्चात नव्हतो. शिंप्याच्या टेबलाखाली होतो. कपाळ टेबलाला आपटलं."

दौलतचा हात खाली आला. पहिला आवाज आला तो रखमाचा.

"टेबलाखाली?" ती म्हणाली.

"हो."

"मगे मी कित्याक गेलंय तुरुंगात?"

ही गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली नाही. माझ्या कपाळाचे टाके निघायच्या आत रखमा बायकांच्या तुकडीतून सत्याग्रहाला गेली होती आणि बावीस दिवस तुरुंगात राहून आली होती. नवऱ्याने रक्त सांडलं आणि आपण चुलीपुढे बसायचं, हे तिला बघवेना. सुटून आली त्या संध्याकाळी तिने भात टाकला आणि मी माझ्या सत्काराला गेलो. तिला कुणी व्यासपीठावर बोलावलं नाही. चाळीत त्याबद्दल कधी कुणी बोललं नाही, मी तर नाहीच. आणि आज लिहायला बसलो तरी इथपर्यंत येईतो मला तिच्या तुरुंगाची आठवण झाली नाही ती नाहीच.

"मला वाटलं, तुला..." मी काहीतरी म्हणायला गेलो.

"माका वाटला, घरात एक शूर माणूस आसा," ती म्हणाली, "त्येका शोभासारखा वागूक होया."

दौलतने माझ्या खाटेला वळसा घातला आणि हार रखमाच्या गळ्यात घातला. भाषण केलं नाही.

रखमाने खाली बघितलं. "ह्येचो रंग लुगड्याक लागतलो," ती पुटपुटली. पण हार काढला नाही.